नाल्याकाठचा दुसरा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फ स्टिक आहे. खेळणारे मला ड्रायव्हर म्हणतात, कारण चेंडू सर्वांत लांब धाडायचं काम माझं. कारखान्यात मी कशी घडले ते मला फारसं आठवत नाही. आठवतात ते धम्मपाल साहेबांचे हात.

साहेब शेंद्र्याच्या एका कंपनीत इंजिनिअर होते. दर रविवारी सकाळी ते मला छावणीजवळच्या मैदानावर नेत. ते मला इतकं सैल धरत, की मी निसटेन की काय असं वाटे. तरी चेंडू मैदानातल्या नाल्यापलीकडे पडे. शिकायला ये, असं ते लेकीला, करुणाला, नेहमी म्हणत. ती म्हणे, पुढच्या रविवारी नक्की येते. मागच्या उन्हाळ्यात साहेब झोपेतच गेले. मी आठ महिने कपाटामागे उभी होते. माझ्या मुठीचं रबर तडकलं.

मग एके दिवशी करुणाच मला घेऊन मैदानावर आली. वीस वर्षं साहेबांची गोल्फ स्टिकांची पिशवी वाहिलेल्या पुंडलिकमामांना तिनं सांगितलं, की एकदा तरी बाबांसारखा चेंडू नाल्यापलीकडे मारायचाय. मामांनी मला नवं रबर चढवलं. पण करुणा मला इतकी आवळून धरी, की माझा जीव गुदमरे. चेंडू वीस पावलांवर लोळत जाई.

"दात खाऊन मारल्यानं चेंडू लांब जात नाय, ताई," मामा म्हणाले. "खांदे सैल सोडा. आधी आवाज शिका."

त्यांनी तिला मला उलटं धरायला लावलं, डोकं हातात, मूठ खाली. चेंडू न ठेवता नुसतं फिरवायचं. हात सैल असले की मी वेग घेते आणि चेंडूची जागा ओलांडताना मोठा सूं करते. करुणाच्या हातात मी त्या जागेच्या आधीच दबकं कण्हले.

आणि क्षणभरानं दुसरा सूं आला. लांब, स्वच्छ. मी तर तिच्या खांद्यावर येऊन थांबले होते.

लख्ख ऊन होतं. मैदानात तिसरं कुणी नव्हतं. झाडाचं पानही हलत नव्हतं. करुणानं पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तिनं मामांकडे पाहिलं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"वीस वर्षं ऐकलाय हा आवाज," ते हळूच म्हणाले. "भिऊ नका. त्याच्या लयीत फिरवा."

ती चार रविवार तेच करत राहिली. तिची बोटं उकलत गेली, दोन आवाजांमधलं अंतर कमी होत गेलं. पाचव्या रविवारी दोन्ही एकत्रच आले. मामांनी चेंडू ठेवला. करुणानं मला सुलटं धरून फिरवलं आणि चेंडू नाल्यावरून पार गेला.

तिला आनंद झाला नाही. ती कान देऊन उभी राहिली. मग तिनं मला तीनदा रिकामंच फिरवलं. प्रत्येक वेळी फक्त माझाच आवाज आला.

"बाबा?" तिनं विचारलं.

"गेले, ताई," मामा म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटामागे कुणाची तरी वस्तू उभी असेल. तिला बाहेर काढा, पुसा, वापरा. फक्त हलक्या हातानं धरा. तिच्यावर अजून कुणाचा तरी हात असेल.