थ्री फेजची गंगा

माळावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. गडहिंग्लजकडून आलेल्या जलनाथ महाराजांनी त्रिशूळ रोवला होता आणि कोरड्या ठणठणीत माळातून पाण्याची धार उसळत होती.

"माता सप्तपाताळ भेदून आली!" महाराज सांगत.

माता शिस्तीची होती. सोमवार ते बुधवार, दहा ते पाच. शेतातल्या मोटारींना लागणारी थ्री फेज वीजही दिवसा नेमकी तेव्हाच असते, हे एकट्या बयाबाईच्या ध्यानात आलं. तिचं वांग्याचं रान पाणीयोजनेच्या नळाच्या शेपटाला. गंगा अवतरल्यापासून तिच्या पाळीला करंगळीएवढी धार यायची. वांग्यांनी माना टाकल्या होत्या. वर गावानं पाझर तलावाचा गाळ काढायचं रद्द केलं होतं. गंगा आल्यावर तलाव कशाला?

बयाबाईनं माळावरूनच योजनेची मोटार चालवणाऱ्या कृष्णातला फोन लावला.

"मोटार उपसते त्या टाकीत दोन किलो हळद वत."

"लगीन कुणाचं हाय, काकू?"

"गंगेचं."

पाच मिनिटांत धार पिवळीजर्द झाली. बयाबाई पुढं सरसावली, तोवर लोक ओरडले, "बिरोबाचा भंडारा!" आणि कपाळं माखून घेऊ लागले. महाराज क्षणभर दचकले, मग म्हणाले, "आज माता नटून आली."

बयाबाईची हळद फुकट गेली. तिनं सगळ्यांसमोर फोन कानाला लावला. "कृष्णात, मोटार बंद कर."

गंगेनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

"माता रुसली," महाराज म्हणाले.

"किती वेळ?" बयाबाईनं विचारलं.

"ते मातेलाच ठाऊक."

"मला बी ठाऊक हाय. कृष्णात, चालू कर."

धार आली. "बंद." गेली. तिसऱ्या खेपेला सरपंच उदयसिंहांनी टोपी काढून बयाबाईचे पाय धरले.

"उठा की सरपंच. पाया पडू नगासा, खोरं घ्या."

वीतभर उकरलं, तर योजनेच्या नळाला जोडलेला काळा पाईप त्रिशुळापाशी येऊन थांबलेला. महाराज चपला शोधू लागले.

"पाणी मंतरानं वाढत न्हाय," बयाबाई म्हणाली. "इथं उसळलं म्हंजी कुणाच्या तरी रानातलं आटलं. पावसाचं साठवाल तेवढंच आपलं. खोरी हातात हायतच, तलाव पलीकडं हाय."

"मुहूर्त कवाचा, काकू?" उदयसिंहांनी विचारलं.

"चला आत्ताच. त्याला थ्री फेज लागत न्हाय."