झाडं खाली आणली

नाऊम शिडीवरून पडला त्याला वर्ष होत आलं, तरी त्याचा खुबा धड झाला नव्हता. काठीशिवाय दारापर्यंतही जाता येत नव्हतं. घरामागची सफरचंदाची झाडं त्याच्या बापाने लावलेली, आता छपराच्याही वर गेलेली. फेब्रुवारी लागला तसं त्याने बायकोला, वेलिकाला सांगून टाकलं, की झाडं तोडून सरपण करू; शिडीवर चढणारं घरात कोणी उरलं नाही.

वेलिकाने वाद घातला नाही. तिने करवतीला धार लावली, शिडी ओढत बागेत नेली आणि स्वतःच चढली. नाऊमला वर जाता येत नसेल, तर झाडांनी खाली यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पहिल्याच झाडावर घाई नडली. शेंड्याच्या बऱ्याच फांद्या तिने भराभर उतरवल्या. एक जाड फांदी वरून कापत असताना मध्येच स्वतःच्या भाराने मोडली आणि खोडाची साल हातभर सोलत खाली आली. नाऊम काठी टेकत, बर्फातून कसाबसा झाडाशी पोचला.

"माझ्या बापाचं झाड सोललंस."

"सोललं. आता पुढचं सोलू नये म्हणून काय करायचं ते सांग."

त्याने सोललेल्या खोडावरून हात फिरवला.

"आधी खालून थोडी चीर दे," तो म्हणाला. "मग जरा पुढे सरकून वरून काप. उरलेला खुंट शेवटी काढ. आणि शिडी नीट रोव, एक मोडका घरात पुरे आहे."

त्या उन्हाळ्यात पहिल्या झाडावर सरळसोट कोंब उभे राहिले, उलट्या धरलेल्या खराट्यासारखे. फळ एकही नाही. शेजारचा स्पासे कुंपणावरून विचारून गेला, की वहिनी, झाडू विकायचा धंदा काढताय का. वेलिका त्याच्यासमोरच कोंब हाताने उपटत राहिली. एकदम फार छाटलं की झाड नुसते कोंब फेकतं, एका हिवाळ्यात खाली येत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

पुढच्या हिवाळ्यापासून तिने प्रत्येक झाडाची एखाददुसरीच मोठी फांदी काढली. नाऊम घोंगडी पांघरून खुर्चीत बसायचा आणि काठीने फांद्या दाखवायचा. दोघं खूप भांडली. एकदा ओढ्याकडच्या झाडाची आडवी फांदी काढ म्हणून तो अडून बसला. तिने ती ठेवली, आणि तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

सोललेलं झाड वाचलं नाही. जखमेतून कूज आत शिरली. ते तोडलं त्या दिवशी वेलिका मुळापाशी बसून रडली, मग उठून तिथेच नवं रोप लावलं.

बाकीची झाडं मात्र हळूहळू खाली आली. आत ऊन पोचू लागलं, फळं मोठी धरली. चौथ्या शरदात नाऊम एका हाताने काठीवर भार देऊन, दुसऱ्या हाताने सफरचंदं तोडत ओढ्याकडच्या झाडाशी आला. आडवी फांदी फळांनी वाकली होती.

"ही बरी राहिली," तो म्हणाला.

वेलिका मदतीला उठली, तर त्याने तिला हटकलं. मग ती फळांच्या रिकाम्या पेटीवर बसून पाव आणि लाल मिरच्यांची चटणी खात राहिली. तो सावकाश, एकेक फळ देठासकट काढत होता. झाड पुरं व्हायला दुपार कलली. तिने त्याला घाई केली नाही.