अकरावं यंत्र

घरात मजले दोन, राउटर एक, त्याला जोडलेली यंत्रं अकरा: वर काकांकडे सात, खाली तिच्याकडे आणि बाबांकडे मिळून चार. आतल्या जिन्याच्या तोंडाशी दार एक. बाबा आणि काका, दोघे भाऊ, पाच महिने एकमेकांशी बोलत नव्हते. सामायिक उरलं होतं ते राउटर आणि हे दार. त्या दारातून काकू रोज खाली यायची. आई गेल्यावर तिला वाढवलं ते काकूनेच.

सकाळपासून दोन्हीकडचं नेट बंद होतं. काकांनी सांगून टाकलं होतं, "सहापर्यंत आलं नाही, तर माझं वेगळं कनेक्शन. मग दार तरी कशाला हवं?"

पाच वाजता ती वर गेली. राउटरचे दिवे हिरवेगार. आकडी पत्ता दिला की उत्तर येत होतं, साइटचं नाव दिलं की नाही. म्हणजे लाइन ठणठणीत. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस तेवढा मुका झाला होता.

दोन महिन्यांपूर्वी डीएनएस तिनेच बदलला होता. "परीक्षेपुरते तरी माझ्या पोराचे गेम बंद कर गं. काकांना मात्र कळू देऊ नकोस," अशी काकूने गळ घातली होती, राउटरचा पासवर्डही काकूनेच दिला होता. मग खालच्या कपाटावर काड्यापेटीएवढा संगणक बसला. दोन्ही घरांनी नावं फक्त त्यालाच विचारायची. चुलतभाऊ हुशार, म्हणून सगळ्या पळवाटाही तिने बुजवल्या होत्या.

काकांनी हाताचा आडोसा करून पासवर्ड घातला. यादीत दहा यंत्रं हिरवी, एक लाल.

"ते मीच बंद केलं सकाळी," काका म्हणाले. "बिननावाचं दिसलं. असेल कुणी फुकट्या."

खालून बाबांचा आवाज आला, "त्याला म्हणावं, कळत नसेल तर बटणं दाबू नये!"

"त्याला म्हणावं, कान आवर!"

"काका, ते माझं आहे," ती म्हणाली आणि ते काय करतं हेही तिने सांगितलं.

"म्हणजे आमच्यावर पाळत? कुणाच्या सांगण्यावरून?"

काकू दाराशी फडक्याची घडी घालत होती. झालेली घडी तिने मोडली, पुन्हा घातली.

"कुणाच्याच नाही. मीच केलं," काकूकडे न बघता ती काकांना म्हणाली.

तिने राउटरवरचे स्वतःचे नियम पुसले, डीएनएस पूर्वीसारखा केला आणि खाली आली. मागे दार लागलं. मग पलीकडून ड्रिलचा आवाज सुरू झाला. दाराच्या चौकटीत स्क्रू सहा.

पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी तिने साइटचं नाव घालून चाचणी घेतली. पाठवलेल्या विनंत्या दहा, आलेली उत्तरं दहा, हरवलेली शून्य. सरासरी वेळ चौदा मिलिसेकंद.