मावशीचा उपदेश आणि बिघडलेला टाका

मास्तरांच्या शिवणीविषयी कुणाचे दुमत नव्हते; त्यांच्या एकटेपणाविषयी मात्र साऱ्या गल्लीला मत होते. चाळिशी उंबरठ्यावर आली तरी हा सज्जन शिंपी अविवाहितच राहिला होता, आणि त्याच्या दुकानात काजे-बटणे करणारी मावशी त्या एकाच चिंतेने झुरत असे.

अशात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची पुतणी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून आली आणि मास्तरांचे मशीन साफ करून गेली. ती गेल्यावर मास्तरांनी एका सदऱ्याला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. मावशीने ते पाहून सुई खाली ठेवली.

"आवडली ना? मग आता मनातलं बोलायचं नाही. आमच्या वेळी पुरुष गरज दाखवत. गरज दिसली की बाईचं पाऊल आपोआप वळतं. तुझे काका आमच्या दारावरून लंगडत जायचे. कधी डाव्या पायानं, कधी उजव्या."

"मग तुला कळलं नाही?"

"कळलं की. तोवर लग्न ठरलं होतं."

आप्तवचन श्रद्धेने स्वीकारावे, तसे मास्तरांनी ते स्वीकारले. बॉबिनच्या डबीवरचा बारीक स्क्रू त्यांनी किंचित सैल केला. खालचा दोरा लोंबू लागला, टाक्यांचा गुंता झाला. निरोप गेला, ती आली, स्क्रू आवळून, चिंधीवर टाका तपासून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि त्यानंतरही. एकदा तिने डबी बोटांत धरून मास्तरांकडे पाहिले.

"मास्तर, याला दुसरं कुणी हात लावतं का?"

"छे, कुणी नाही."

तिने डबी पुन्हा जागेवर बसवली. तिचे न रागावणे मास्तरांना अनुकूल भासले. प्रेमात पडलेल्या माणसाला काय भासेल याचा नेम नाही.

त्यानंतरच्या निरोपाला स्वतः मिस्त्री आले. वृद्ध गृहस्थ, गुडघे दुखरे. त्यांनी आल्याआल्या हात जोडले.

"माफ करा, मास्तर. पोरीचा हात अजून बसला नाही. मीच घाई केली. आता ती दुकानात बसून सुया, तेल विकेल. दुरुस्तीला तिला पाठवणार नाही."

एवढे बोलून ते कण्हत खाली बसले आणि मास्तरांनी सकाळीच सैल केलेला स्क्रू आवळू लागले. धरणीने पोटात घ्यावे असे मास्तरांना झाले. तरीही ते मूग गिळून उभे राहिले, आणि त्या उभे राहण्याचीच लाज त्यांना पुढे अधिक जाळत गेली.

मिस्त्री गेल्यावर मावशी म्हणाली, "बोलला नाहीस ते बरं केलंस. आणि झालं तेही बरंच. हत्यारं सुटली म्हणजे घरात रमेल."

मास्तरांनी मावशीकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच तिचे बोलणे अर्धे टाकून ते पायरी उतरले.

मिस्त्रींच्या दुकानात त्यांची पुतणी गिऱ्हाइकाला सुया बांधून देत होती. तिच्या बोटांवर तेलाचा डाग नव्हता. ती स्वच्छ बोटे पाहून मास्तरांची मान खाली गेली.

"काका," ते मिस्त्रींना म्हणाले, "तिची चूक नाही. स्क्रू मी सैल करत होतो. दर वेळी."

"कशासाठी?"

"मावशी म्हणाली..." इथे ते थांबले. आपले पाप म्हातारीच्या पदरात टाकण्याइतके खाली जाणे त्यांना साधेना. "ती यावी म्हणून."

गिऱ्हाइकाला खोकल्याची उबळ आली. मिस्त्री पुतणीकडे वळले. "तुला कळलं नव्हतं?"

"दुसऱ्या खेपेलाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं सांगितलं असतं, तर तुम्ही कुणाचं खरं मानलं असतं, काका?"

खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढून मिस्त्रींनी तिच्यापुढे ठेवली. ठेवताना त्यांनाही वर पाहवले नाही.

"चुकलो मी," मास्तर म्हणाले.

"हो," ती म्हणाली. पिशवीतली हत्यारे तिने एकेक तपासून पाहिली. मग म्हणाली, "मशीन धड असेल तेव्हा बोलवा. येईन. पण बोलायचं असेल ते तुमचं बोला, मावशींचं नको."

मास्तर परतले तेव्हा त्यांचे कान तापले होते. काय बोलावे याची ते वाटेभर जुळणी करत राहिले. मनात येणारे प्रत्येक वाक्य मावशीच्याच आवाजात उमटत होते, आणि ते एकेक वाक्य खाली मान घालून टाकून देत होते.