हाड धरलं का?

खुर्चीत बसायच्या आधीच वेणूमावशी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाय, हाड धरलाय का नाय, येवढाच सांग."

"आधी फोटो तर काढू द्या."

वेणूमावशी सुकापूरच्या धवलारीण. आगरी लग्नं त्यांच्या धवल्यांनी, म्हणजे गाण्यांनी लागतात. चार महिन्यांपूर्वी मी त्यांचा पू झालेला पुढचा दात काढला, खड्डा खरवडून स्वच्छ केला, त्यात हाडाचे बारीक दाणे भरले आणि टाके घातले. त्या दाण्यांच्या आधाराने हाड वाढलं, तरच तिथे स्क्रू बसवून पक्का दात लावता येणार होता. मधल्या काळासाठी दिलेला काढता-घालता दात एका लग्नात ऐन धवल्यात निसटून नवरीच्या ओटीत पडला. तेव्हापासून मावशींचं गाणं बंद. आणि वैशाखात त्यांची नात पूर्वी हिचं लग्न.

चुळा भरू नका, असं मी बजावलं होतं. पण मावशी मिठागरवाल्यांच्या घरातल्या. त्यांच्याकडे कुठल्याही जखमेला औषध एकच. दात काढला त्याच संध्याकाळी त्यांनी मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरल्या. सकाळी मशेरीच्या रिकाम्या डबीत पांढरे दाणे घेऊन हजर. "ह्ये परत बसव."

ते परत बसवता येत नाहीत. आत किती उरले, तेही तेव्हा कळणार नव्हतं.

मशीन फिरू लागलं. सून दिपिका म्हणाली, "आई, आता तरी तोंड बंद ठेवा."

"इतकी वर्सं मना गप करायची वाट बगत व्हती, आज मोका गावला हिला!"

पडद्यावर मी जबड्याच्या स्कॅनचा एकेक काप सरकवू लागले. कडेलाच राखाडी खाच दिसली. माझा हात थांबला. दाणे निघून गेले होते ते इथलेच. आणखी आत गेले. पांढरं. पुढच्या कापातही पांढरं, दाट; जुनं हाड कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते ओळखू येईना. रुंदी मोजली. पुन्हा मोजली. पुरेशी होती.

"धरलंय!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरून कोमल रिसेप्शन सोडून धावत आली.

दिपिकाने फोन लावलाच होता. "पूर्वी, दुसरी धवलारीण बघू नकोस गं!" मावशींनी तर खुर्चीतच सूर लावला. दातांमधल्या खिंडीतून शीळ येत होती, पण आवाज थेट रस्त्यापर्यंत.

"मावशी, थांबा, सुई द्यायचीय. स्क्रू आजच बसवू. आणि चुळा नाहीत हं."

"मिठाच्या पन नाय?"

"मिठाच्या तर मुळीच नाय!"