पोह्यातली मोहरी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी, एकाक्ष आणि बराच तापट. मित्रांनो, बोरीजवळच्या एका कॉलेजात मी चाळीस वर्षं कांद्याची साल बघितली. पोरं माझ्या काचेला डोळा चिकटवायची, स्वतःचीच पापणी बघायची आणि पेशी म्हणून वहीत काढायची.

मग विजेवर चालणारा, संगणकाला जोडलेला नवा भाऊ आला. माझी रवानगी खिडकीत झाली. शिपाई मुंजाजी माझ्या मानेवर ओला रुमाल वाळत घालू लागला. मला फार वाईट वाटायचं.

एम. एस्सी.च्या शिवकन्येचा प्रकल्प खसखशीच्या कुळावर होता. बी आणि पान यांच्या पृष्ठभागावरून जाती ओळखायच्या. बाजारातली खसखस, बागेतला शोभेचा पॉपी आणि येलदरीच्या वाटेवर हात काट्यांनी फोडून घेऊन आणलेला पिवळा धोत्रा. आईबाप ऊसतोडीला, आणि ही इथे बियांवरच्या जाळीची घरं मोजतेय, पानांवरची रंध्रं मोजतेय. सगळं नव्याच्या काचेखाली. मी खिडकीत बसून जळत होतो. नापास झाली तर पुढच्या हंगामात तिच्याही हाती कोयता येणार होता.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे व्यंकटराव सर आले. मुंजाजीने प्रयोगशाळेतच शेगडी पेटवून त्यांच्यासाठी पोहे केले. सर पहिला घास उचलणार, तोच शिवकन्येची नजर टेबलावरच्या दोन लख्ख बाटल्यांवर गेली. दोन्हींत काळं बी. एकीत मोहरी, तुलनेसाठी ठेवलेली. दुसरीत पिवळ्या धोत्र्याचं बी, दिसायला मोहरीसारखं आणि पोटात गेलं तर विषारी.

तिने सरांच्या हातातली प्लेटच काढून घेतली.

"मुंजाजीमामा, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

"लय मळल्या होत्या. पाव्हणे येणार म्हणून धुऊन काढल्या."

"आन् फोडणीला कोणती मोहरी घातली?"

मुंजाजीचा चेहरा पडला. "यातलीच कोणती तरी. आन् चव बगायला मी एक प्लेट खाल्ली की."

तो तिथेच स्टुलावर बसला आणि घरच्यांना निरोप सांगू लागला. म्हैस विकू नका, असा पहिलाच निरोप होता.

नेमकी वीज गेलेली. नवा भाऊ ठार आंधळा झाला. शिवकन्येने मला उचललं, ओढणीने काच पुसली आणि माझा आरसा उन्हाकडे वळवला. मित्रांनो, माझं अंग शहारलं. पोह्यातलं एकेक बी निवडून तिने माझ्यासमोर ठेवलं. धोत्र्याच्या बीवर खोल जाळी असते आणि एका बाजूला कंगोरा. इथे मात्र प्रत्येक बी गोल, जाळी अगदी बारीक, कंगोऱ्याचा पत्ता नाही.

"मोहरी आहे," ती म्हणाली.

"मी वाचलो की," मुंजाजी म्हणाला आणि रडायला लागला.

सरांनी तिचा जाडजूड प्रबंध मिटून बाजूला ठेवला. प्लेट पुन्हा हातात घेतली. त्या परीक्षेत त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला.

"खाऊ का?"

तिने माझ्यातून आणखी एकदा पाहिलं. सावकाश पाहिलं.

"खा, सर."

सरांनी प्लेट चाटूनपुसून साफ केली.

मित्रांनो, जुन्या यंत्राची काच अधूनमधून पुसत चला, एवढंच मागणं आहे. त्या दिवशी ती धुळीने भरलेलीच राहिली असती, तर पोरीला छातीठोकपणे 'खा' म्हणता आलं नसतं.