रंगूचा वाटा

जवस मी आजही मंद आचेवरच भाजते. तडतड थांबली की तवा उतरवायचा, नाहीतर चटणी कडू होते. मग लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटायची आणि वाढताना वरून कच्चं तेल. आमच्या किन्हीराजाच्या शेतात पूर्वी हरभऱ्याच्या कडेनं जवसाचे तास, म्हणजे ओळी, असायचे. पौषात निळी फुलं सकाळी उघडायची आणि ऊन चढलं की गळायची. आता सगळीकडे सोयाबीन. जवस मालेगावच्या बाजारातून आणावा लागतो.

ह्यांना विसर पडू लागला तसं हरीओमनं, आमच्या मुलानं, वाशीमला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येईल असं सांगत नाही, पण आहे ते सांभाळा. पालेभाज्या द्या, डाळी द्या, जवस, शेंगदाणे द्या, साखर-मीठ बेतानं, रोज थोडं चालवा. आणि वजन घटू देऊ नका. सूनबाई वैजयंतीनं ते फार मनावर घेतलं. तिनं अक्रोडसुद्धा आणले. ह्यांनी एक चावून पाहिला आणि थुंकून टाकला.

"लाकूड कायले चारून राह्यले मले?"

"बाबा, डोक्यासाठी चांगलं असते ते."

"मंग डोक्यावर ठेव."

जवसाच्या चटणीला मात्र ते कधी नाही म्हणत नसत. तरी ताटात निम्मं राहायचंच. जास्त वाढलं तरी निम्मं, कमी वाढलं तरी निम्मं. सदरा खांद्यावरून लोंबू लागला. वैजयंती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. एक गोष्ट मला खटकायची. उरलेलं कधी चिवडलेलं नसायचं. ताटाच्या एका कडेला नीट सारलेलं असायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "त्यांना एकटं जेवायला बसवू नका. आजी, तुम्ही समोर बसून जेवा. तुमचं पाहून तेही जेवतील."

मला हसू आलं. सासूबाई होत्या तोवर पुरुषांची पंगत उठल्यावर बायका बसायच्या, आणि बाईनं नवऱ्याच्याच ताटात जेवायचं, अशी रीत. त्या गेल्यावर वेगळं ताट आलं, पण मागून जेवायची सवय गेली नाही. ह्यांच्या समोर बसून जेवावं असं मला लग्न झाल्यापासून वाटायचं. बोलले कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी केस नीट बांधले आणि ताट घेऊन ह्यांच्यासमोर बसले.

"बाई, तुमी कोनाकडच्या?" त्यांनी विचारलं.

"इथलीच."

"मंग लाजू नका. पोटभर जेवा. आमच्याइथून कोनी उपाशी जात नाई."

मी जेवू लागले. तेही जेवू लागले. अंबाडीची भाजी, वरण, भाकर. निम्मं झालं आणि त्यांचा हात थांबला. बोटांनी त्यांनी चटणी कडेला सारली, तिच्यावर अर्धी भाकर दुमडून ठेवली.

"आवं, खा ना. कायले ठेवता?"

"ते रंगूचं हाय."

कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं.

"रंगू कोन?"

"आमची घरवाली. सगळ्यात शेवटी बसते ते. तवलीत काई उरत नाई तिच्यासाठी." त्यांनी आवाज बारीक केला. "मायजवळ बोलू नका बरं. तिले बोलनं बसन."

वैजयंती पळी घेऊन दारात आली.

सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या ताटात बसले की मला नेहमी चटणी सापडायची, मधोमध तेलाचं आळं केलेली. मला वाटायचं, ह्यांची भूकच लहान.

"मीच रंगू," मी म्हणाले.

ते हसले. "तुमी? बाई, रंगूचे केस कमरेखाली येतेत."

"बरं. तिचं झालं जेवन. आता तुमी खा."

"मले सोडून?" त्यांचा चेहरा उतरला. "नाई. असं नाई करत रंगू." आणि ताट त्यांनी दूर लोटलं.

मी उठले. स्वयंपाकघरातून दुसरं ताट घेतलं. त्यात भाकर, भाजी, चटणी वाढली, चटणीत आळं करून तेल सोडलं, वरून परात झाकली आणि त्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं.

"हे पाहा, रंगूचं काढून ठेवलं. आता तुमचं तुमी जेवा."

त्यांनी परात उचलून पाहिलं. "तेल कमी हाय."

मी आणखी घातलं.

"बस."

स्वतःच्या हातानं परात झाकून त्यांनी आपलं ताट ओढलं आणि सारं जेवले. शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. वैजयंतीनं पदर डोळ्यांना लावला.

आता रोज तसंच वाढते. त्यांच्यासमोर दोन घास खाते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. ते बाजेवर आडवे झाले की त्यांच्याच पाटावर बसून रंगूचं ताट उघडते. तेव्हा बाजेवरून आवाज येतो,

"बाई, रंगू आली का जेवाले?"

"आली," मी घास गिळून सांगते.